करंट मायनस आला म्हणजे गणित चुकलं असं नाही

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत लिहितो, कारण वरच्या दोघातिघांनी "फॉर्म्युला परत बघ" एवढंच सांगून सोडून दिलंय आणि माझ्या मते अडचण फॉर्म्युल्याची नाहीच आहे. सर्किट असं आहे: डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्या सिरीजमध्ये १ ओहम, उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याही सिरीजमध्ये १ ओहम, आणि मध्ये उभा ४ ओहमचा रेझिस्टर. दोन्ही बॅटऱ्यांचा प्लस वरच्या बाजूला, तिन्ही फांद्या वर एका नोडला (वायरी जिथे एकत्र येतात तो पॉइंट) आणि खाली एका नोडला मिळतात. उजव्या फांदीतला करंट तुला मायनस २ अँपिअर आला, मैत्रिणीला प्लस २ आला, सर म्हणाले दोघींचं बरोबर, आणि तिसऱ्या एकाला मधल्या रेझिस्टरमधून ०.६७ आला तर त्याला म्हणाले चूक. आता तू विचारतेयस की बॅटरीतून करंट मायनस कसा जाईल, आणि सोडवायच्या आधी दिशा कशी ओळखायची.

तू म्हणतोय, चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी स्वतः डिप्लोमा करून महापेच्या एमआयडीसीत लागलो, पॅनेल, यूपीएस, बॅटरी बँक हेच आयुष्यभर केलं, गेली काही वर्षं रविवारी कळव्यात घरीच केटीवाल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, पोरांना शिकवतो. दरवर्षी प्रश्न हाच असतो, फक्त व्होल्ट बदलतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: दिशा आधी ओळखायचीच नसते. ती ओळखायला जातेस म्हणूनच घोळ होतो. बाण म्हणजे भविष्य नाही, बाण म्हणजे तू ठेवलेलं नाव आहे. तू ठरवतेस की "या फांदीत करंट वरच्या दिशेने गेला तर मी त्याला प्लस म्हणीन", एवढंच. मग गणित सांगतं बाबा गेला की नाही. मायनस आला तर अर्थ असा की करंट तेवढाच आहे पण बाणाच्या उलट्या दिशेने. तू बाण वर काढला होतास, मैत्रिणीने खाली काढला होता, म्हणून तुझे मायनस २ आणि तिचे प्लस २ हे एकच वाक्य आहे, दोन तोंडांनी बोललेलं.

मल्टिमीटर हातात घेतलायस ना लॅबमध्ये? लाल प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि काळा प्लसला लावला तर मीटर मायनस १२ दाखवतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की मीटर बिघडला, आपण म्हणतो अरे प्रोब उलटे लागलेत. कागदावरचा बाण म्हणजे तेच, तू लावलेले प्रोब. डीसीचा क्लॅम्प मीटर बघितला असशील तर त्याच्या जबड्यावर चक्क बाण छापलेला असतो, वायरला उलटा अडकवला की रीडिंग मायनस येतं. माझ्या हाताखालची पोरं साइटवर मायनस बघून अजिबात घाबरत नाहीत, आणि तीच पोरं पेपरात मायनस आला की खोडून परत सोडवतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि गंमत सांगू का, सगळ्या जगाने घेतलेला बाणच मुळात उलटा पडलाय. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात प्लस-मायनस ही नावं दिली तेव्हा वाहतंय काय हे कोणालाच माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉन जे. जे. थॉमसनला सापडला १८९७ साली, आणि तो निघाला मायनस. म्हणजे तांब्याच्या वायरीत प्रत्यक्ष सरकणारे इलेक्ट्रॉन आपल्या बाणाच्या उलटे जातात. तोपर्यंत ओहमचा नियम १८२७ ला आणि किर्चहॉफचे नियम १८४५ ला येऊन बसले होते. कोणाचं गणित बदललं? एकाचंही नाही, कारण सगळे एका बाणाला शेवटपर्यंत धरून होते. बाण कुठलाही घे, पण एकदा घेतला की मध्येच फिरवू नकोस. साइनमधल्या, म्हणजे प्लस-मायनसच्या, बहुतेक चुका मध्येच बाण फिरवल्याच्या असतात, किंवा त्या तिसऱ्या मुलाने केली तशी एक चूक असते, तिच्याकडे येतोच.

आता नियम दोनच आहेत, तेही बघून घेऊ. पहिला केसीएल, म्हणजे किर्चहॉफचा करंटचा नियम, नोडवर जेवढा करंट आला तेवढा गेला पाहिजे. पोरांना मी ठाणे स्टेशनच्या पुलाचं उदाहरण द्यायचो, जेवढे जिन्यांनी वर चढले तेवढे दुसऱ्या जिन्यांनी उतरले, तर एक जण म्हणाला सर सकाळी तर पुलावरच माणसं साचतात. बरोबर होतं त्याचं. पूल भरतो, नोड भरत नाही, नोडवर चार्ज साठवायला जागा नसते, म्हणून आत्ता आलेला आत्ताच बाहेर. त्यानंतर ते उदाहरण मी त्याच्या नावाने सांगतो.

दुसरा केव्हीएल, म्हणजे किर्चहॉफचा व्होल्टेजचा नियम, कुठल्याही बंद लूपमध्ये पूर्ण फेरी मारली की व्होल्टेजचा चढ-उतार शून्य. येऊरच्या डोंगरात कुठल्याही पायवाटेने फिर, किती चढलीस किती उतरलीस ते तुझं तुला माहीत, पण पायथ्याच्या ज्या चहाच्या टपरीवरून निघालीस तिथेच परत आलीस तर एकूण उंची बदललेली नसते. व्होल्टेज ही तशी उंची आहे, आणि उंची नेहमी कशाच्या तरी मानाने असते. "या पॉइंटला ८ व्होल्ट आहे" हे वाक्य अर्धंच आहे, कुठून मोजले ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. म्हणून आपण एक नोड शून्य धरतो, ग्राउंड म्हणतो त्याला, मग तो जमिनीला जोडलेला असो नसो.

केव्हीएलच्या फेरीत साइन कसं लावायचं, इथे नीट लक्ष दे, तुझ्या सगळ्या प्रश्नाचा जीव इथे आहे. रेझिस्टरमधून बाणाच्या दिशेने चाललीस तर उतार, म्हणजे मायनस करंट गुणिले रेझिस्टन्स. बाणाच्या विरुद्ध चाललीस तर चढ, म्हणजे प्लस. बॅटरी मात्र बाणाला विचारतच नाही. बॅटरीत मायनसकडून शिरून प्लसकडून बाहेर पडलीस तर चढ, प्लसकडून शिरून मायनसकडून बाहेर पडलीस तर उतार, करंट कुठल्याही दिशेने असो. रेझिस्टरचं साइन बाणावर ठरतं, बॅटरीचं साइन तिच्या टोकांवर ठरतं.

आता सोडवू. डावा बाण वर, उजवा बाण वर, मधला बाण खाली, तू घेतलेस तसेच. वरच्या नोडवर केसीएल:

डावा + उजवा = मधला

डाव्या लूपमध्ये खालच्या नोडपासून सुरू करून डाव्या बॅटरीतून वर, मग मधल्या रेझिस्टरमधून खाली परत:

१२ − (१ × डावा) − (४ × मधला) = ०

उजव्या लूपमध्येही खालून उजव्या बॅटरीतून वर, मधल्यातून खाली:

६ − (१ × उजवा) − (४ × मधला) = ०

म्हणजे डावा = १२ − ४ मधला, उजवा = ६ − ४ मधला, दोघांची बेरीज १८ − ८ मधला, आणि ती बेरीज म्हणजेच मधला. तर ९ मधला = १८, मधला २ अँपिअर. डावा ४ अँपिअर, उजवा मायनस २. संपलं.

मैत्रिणीने उजवा बाण खाली घेतला. तिचं केसीएल होईल डावा = मधला + उजवा, आणि उजव्या लूपमध्ये ती रेझिस्टर ओलांडताना बाणाच्या विरुद्ध चालतेय म्हणून ६ + (१ × उजवा) − (४ × मधला) = ०. बघ, ६ तसाच राहिला, फक्त रेझिस्टरचं साइन पालटलं. उजवा प्लस २ खाली.

तिसऱ्या मुलाने पण बाण खाली घेतला, पण बाण उलटा केला म्हणून बॅटरीचंही साइन उलटं केलं, −६ लिहिलं. मग उजवा = ६ + ४ मधला होतो, डाव्या लूपमध्ये घातलं की ९ मधला = ६, मधला ०.६७. हे गणित म्हणून चुकीचं नाहीये, गणित त्याने नीट केलंय, फक्त ते दुसऱ्याच सर्किटचं आहे, ज्यात ६ व्होल्टची बॅटरी उलटी जोडलीय. कागदावर ०.६७ चं उत्तर मिळालं, प्रत्यक्षात असं कोणी केलं तर धूर मिळतो.

हे पकडायचं कसं, पेपर संपायला पाच मिनिटं असताना? मी एक सवय लावतो पोरांना. वरच्या नोडचं व्होल्टेज तिन्ही वाटांनी काढून बघ, चित्र समोर ठेवून, आपल्या समीकरणांकडे न बघता. डावीकडून १२ वजा ४ म्हणजे ८. मधून ४ गुणिले २ म्हणजे ८. उजवीकडून ६ व्होल्टच्या वर २ अँपिअर आत शिरतोय १ ओहममधून, म्हणजे ६ अधिक २, आठच. तिन्ही जुळले. आता त्या मुलाचे आकडे घे, डावा ९.३३, म्हणून १२ वजा ९.३३ म्हणजे २.६७. मधून २.६७. आणि उजवीकडून, त्याचाच ८.६७ खाली जाणारा करंट घेऊन, ६ अधिक ८.६७ म्हणजे १४.६७. एकाच नोडला दोन व्होल्टेज, येऊरच्या एकाच टोकाला दोन उंच्या. वीस सेकंदात चोर सापडला.

अजून एक तपासणी, ती मला जास्त आवडते कारण तिच्यात अर्थ कळतो. पॉवर मोज. डाव्या बॅटरीने दिले १२ गुणिले ४, ४८ वॅट. डाव्या ओहमने खाल्ले १६, उजव्या ओहमने ४, मधल्याने १६, झाले ३६. उरलेले १२ कुठे गेले? उजव्या बॅटरीत, ६ गुणिले २. म्हणजे ती बॅटरी देत नाहीये, घेतेय, चार्ज होतेय. तुझा पहिला प्रश्न होता ना, बॅटरीतून करंट मायनस कसा जाईल, हा असा जातो. इन्व्हर्टरची बॅटरी रोज चार्ज होते तेव्हा तिच्यातून करंट उलटाच जात असतो, आपण त्याला मायनस म्हणत नाही इतकंच. "बॅटरी आहे म्हणजे करंट प्लसमधून बाहेरच येणार" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं शाळेपासून, टॉर्चच्या चित्रामुळे. टॉर्चमध्ये एकच मालक असतो म्हणून खरं आहे ते. दोन मालक असले की जो जोरात तो दुसऱ्यात भरतो.

पण "६ लहान, १२ मोठी, म्हणून ६ मध्ये करंट शिरणार" असंही आधीच ठरवू नकोस, हे तर मुद्दाम सांगतो. याच सर्किटमध्ये मधला ४ ओहम काढून अर्धा ओहम टाक. सोडवून बघ, वरचा नोड ४.५ व्होल्टवर येतो, डावा ७.५ अँपिअर, उजवा प्लस १.५, मधला ९. बॅटऱ्या त्याच, जोडणी तीच, आणि तीच ६ व्होल्टची बॅटरी आता चार्ज होण्याऐवजी करंट देतेय, कारण मधल्याने एवढा ओढला की नोड ६ च्या खाली आला. म्हणजे उजव्या फांदीतली दिशा ठरवतोय मधला रेझिस्टर. ती नजरेने चित्र बघून कोण सांगणार? मी इतकी वर्षं हेच करतोय, मी पण नाही सांगू शकत. म्हणून म्हटलं, ओळखायला जाऊ नकोस, बाण काढ आणि चल पुढे.

महापेलाच एका कंपनीत यूपीएसच्या बॅटऱ्यांचं काम होतं, कंपनीचं नाव राहू दे. पॅरलल जोडलेल्या जुन्या बॅटऱ्यांपैकी एक खराब झाली म्हणून कोणीतरी तेवढी एकच नवी आणून बसवली होती. तक्रार अशी की लोड बंद, चार्जर बंद, तरी दोन बॅटऱ्यांमधली वायर हाताला कोमट लागते. सगळे शॉर्ट शोधत होते. मी क्लॅम्प मीटर लावला, करंट आहे, आणि नव्यातून जुन्यात चाललाय. आता हिशोब कर: नवी १२.७ व्होल्ट, जुनी उतरलेली १२.१, फरक फक्त ०.६. पण बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स असतो मिलीओहममध्ये, प्रत्येकी २० धर, दोन्ही मिळून ४० मिलीओहम. ०.६ भागिले ०.०४ म्हणजे १५ अँपिअर! अर्ध्या व्होल्टच्या फरकाने. हा करंट तसाच राहत नाही, दोन्ही जवळ आल्या की कमी होत जातो, पण नवी बॅटरी बिचारी पहिल्या दिवसापासून म्हातारीला पोसत बसते. तुझंच सर्किट आहे हे, फक्त मधला रेझिस्टर काढून टाकलेला. म्हणून जुन्या बॅटरीला नवी पॅरलल लावायची नाही हे जे मेकॅनिक सांगतात ना, ते केव्हीएलच सांगत असतात.

इथे थोडं "अवलंबून आहे" पण सांगायला हवं. मी धरून चाललो की ६ व्होल्टची बॅटरी चार्ज होणारी आहे. तिथे साधे १.५ चे चार सेल सिरीजमध्ये असते तरी कागदावरचं उत्तर मायनस २ च असतं, पण प्रत्यक्षात ते सेल गरम होतात, गळतात, फुटूही शकतात, कारण ते चार्ज व्हायला बनवलेलेच नाहीत. आणि उजव्या फांदीत करंट उलटा येऊ नये म्हणून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लावलेला असेल तर मात्र गणितच बदलतं. तेव्हा मायनस आला की समजायचं डायोड बंद, उजवी फांदी नाहीच असं धरून परत सोडवायचं: १२ भागिले ५, २.४ अँपिअर, नोड ९.६ व्होल्टवर, आणि ९.६ हे ६ पेक्षा जास्त म्हणून डायोड खरंच बंद राहतो, तपासणी झाली. म्हणजे डायोडच्या सर्किटमध्ये मायनस ही नुसती दिशा नसते, "तू धरलेलं गृहीतक चुकलं" हा निरोप असतो. तुमच्या पेपरात आयडियल बॅटरी आणि साधे रेझिस्टर असतात, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.

समीकरणं किती लिहायची यात पण पोरं फसतात. तीन फांद्या आहेत म्हणजे तीन अनोळखी करंट, तीन समीकरणं लागणार. नोड दोन, त्यातल्या एकाचंच केसीएल कामाचं, खालच्या नोडचं लिहिलंस तर वरचंच उलटं येतं. उरली दोन, ती दोन लूपची. काही जण बाहेरचा मोठा लूप पण घेतात, डाव्या बॅटरीतून वर आणि उजवीकडून खाली, आणि मग तीन लूप घेऊन केसीएल विसरतात, शेवटी शून्य बरोबर शून्य येतं आणि रडत माझ्याकडे येतात. मोठा लूप म्हणजे दोन लहान लूपची वजाबाकी आहे, नवीन काही सांगत नाही. एकच गोष्ट तीन साक्षीदारांनी सांगितली तरी माहिती एकच.

आणि खरं सांगायचं तर मी स्वतः हे सर्किट लूपने सोडवणारच नाही. नोडने सोडवीन. खालचा नोड शून्य, वरच्याला म्हण "व". डावीकडून येणारा (१२ − व) भागिले १, उजवीकडून येणारा (६ − व) भागिले १, मधून जाणारा व भागिले ४. केसीएल: १२ − व + ६ − व = व ÷ ४. व = ८. एका ओळीत सुटलं, एकच अनोळखी, आणि बाणाचं भांडणच नाही, कारण सगळीकडे "पलीकडचं वजा नोडचं" एवढंच लिहायचंय, ६ वजा ८ म्हणजे मायनस २ आपोआप आलं. नोड कमी असतील तर नोड पद्धत, लूप कमी असतील तर लूप पद्धत, हा साधा हिशोब. पण पेपरात "लूप पद्धतीने सोडवा" लिहिलं असेल तर लूपनेच सोडव, तिथे हुशारी दाखवून मार्क घालवू नकोस.

एवढं सगळं पेपरापुरतं नाहीये. मागे आमच्याच बिल्डिंगमध्ये रात्री कोणीतरी ओरडत खाली आलं, टीव्हीतून वास येतोय. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणत होते आमचा तर गीझरच तापत नाही, ट्यूब पण नीट पेटत नाहीत. मीटर रूममध्ये मेन न्यूट्रलचं लग, म्हणजे वायरीच्या टोकाचा जोड, जळून सुटलं होतं. आता विचार कर, एक फ्लॅट एका फेजवर, दुसरा दुसऱ्या फेजवर, दोघांचा परतीचा रस्ता न्यूट्रल, तोच तुटला. मग करंट जाणार कुठून? एका घरातून शिरून दुसऱ्या घरातून बाहेर. दोन्ही घरं सिरीजमध्ये आली, आणि दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. सोपं व्हावं म्हणून तिसऱ्या फेजवर काहीच चालू नाही असं धर. पहिल्या घरात २००० वॅटचा गीझर, २३० च्या वर्गाला २००० ने भाग, साधारण २६ ओहम. दुसऱ्या घरात टीव्ही आणि दोन दिवे मिळून २०० वॅट, साधारण २६४ ओहम. ४०० व्होल्ट त्याच प्रमाणात वाटले जाणार: गीझरवाल्याला ३६ व्होल्ट, टीव्हीवाल्याला ३६४. टीव्ही आतून काही साधा रेझिस्टर नसतो, त्यामुळे आकडे तंतोतंत असे येणार नाहीत, पण गोष्ट हीच. ज्याने कमी वापरलं त्याचं जळलं, आणि लोक म्हणत होते हा कुठला न्याय. किर्चहॉफचा न्याय. (तुम्ही मात्र असं काही दिसलं तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा, मल्टिमीटर घेऊन मीटर रूममध्ये शिरू नका, हे सगळ्यांनाच सांगतोय.)

एक शेवटची सावधगिरी, कारण पुढच्या सेमला एसी येईल आणि तू म्हणशील काका खोटं बोलले. जुनी चोकवाली ट्यूब असते ना, तिच्यात ट्यूबच्या दोन टोकांत साधारण शंभर-एकशे दहा व्होल्ट मिळतात आणि चोकवर दोनशेच्या आसपास, बेरीज तीनशेच्या वर, आणि सप्लाय तर २३०! केव्हीएल मोडलं का? नाही. मीटर दाखवतो आरएमएस, म्हणजे सतत बदलणाऱ्या व्होल्टेजची एक प्रकारची सरासरी, आणि ते दोन व्होल्टेज एकाच क्षणी टोकाला जात नाहीत, चोकचं पाव फेरी पुढे-मागे असतं. प्रत्येक क्षणाला मोजलं तर बेरीज बरोबरच येते, फक्त आरएमएसचे आकडे साधे मिळवायचे नसतात, काटकोन त्रिकोणासारखे मिळवायचे. नियम तोच, बेरीज करायची रीत वेगळी. केव्हीएल खरंच अडचणीत येतं ते लूपच्या आतून बदलतं मॅग्नेटिक फील्ड जात असेल तेव्हा, पण ते आत्ता डोक्यात घेऊ नकोस.

आणि हो, हे नियम लिहिले तेव्हा किर्चहॉफ स्वतः २१ वर्षांचा होता, कोनिग्सबर्गला शिकत होता. तुझ्यापेक्षा फार मोठा नव्हता, त्यामुळे तुमच्या सरांनी "यात काय अवघड आहे" म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता एक काम कर. तुझ्या सर्किटमध्ये ४ ओहम असताना उजवी बॅटरी चार्ज होते, अर्धा ओहम असताना ती देते. म्हणजे मध्ये कुठेतरी असा एक रेझिस्टर असणार की तिच्यातून करंटच जाणार नाही, ना आत ना बाहेर. तो किती ओहमचा? लूपचं समीकरण न लिहिता, कागद न घेता सांगायचंय. वरचा नोड किती व्होल्टवर असला पाहिजे एवढाच विचार कर, आणि उत्तर इथेच खाली टाक.